वाणाची बाटली

२७ जानेवारी, गुरुवार

रात्री झोपले नाय. माझी पायल रडली म्हणून नाय, ती निवांत झोपली. ठकूमावशीमुळं.

काल दिवे लागायच्या टायमाला मावशी आली. शेजारच्या मळ्यातली. चहा घेतला आन म्हणली, "मंदा, तुझ्या वाणानं कमाल केली गं. ओमला टोपण टोपण देतो. भूक काय लागती त्याला. अजून एक बाटली हाय का?"

ओम तिचा नातू. अजून वर्षाचा नाय. आन बाटली रोपांची हाय.

मी तोंड उघडलं तवर सासूबाई उठल्या, फळीवरची बाटली काढली आन तिच्या हातात दिली. "चिठ्ठीवरचं आमच्या सूनबाईनं लिहिलंय बरं का, पुण्याच्या कंपनीसाठी." लग्न झाल्यापासून पैल्यांदा कौतुक केलं त्यांनी माझं. मी कप उचलून आत नेले. मावशी गेली. मंग रातभर नुसती आढ्याकडं बघत.

दुपारी

परत लिहिते. क्रमानं लिहिलं तर डोकं जागेवर येईल.

ही वही कंपनीच्या मॅडमनी सांगितलेली. इंटरशिप चालू हाय तोपर्यंत काय शिकला ते लिहा म्हणल्या. माझी शाळा नववीत सुटली, आता अभ्यासकेंद्रातून पुढचं बाहेरून करते. तिथल्या सरांनी सांगितलं, घरबसल्या ट्रेनिंग हाय, सायन्सचं सोप्या भाषेत लिहायचं आन माल खपवायचा, सर्टिफिकेट भेटतं. पुण्याला जायला नको. मॅडम फोनवर सांगत्यात. मी कागदावर लिहिते, वैशाली सायबर कॅफेतून पाठवती. वैशाली बी.एस्सी. करती, ती पण इंटरशिपला. मॅडमचं तोंड आम्ही दोघींनी बघितलेलं नाय.

मला टॉनिक आलं. समुद्रातल्या शेवाळाचं. रोपं वाढत्यात म्हणं. मॅडम म्हणल्या, "पुस्तकी लिहू नका हं. तुमच्याकडच्या बायका बोलतात तसं लिहा." आमच्या मळ्यात रोपाला लेकरूच म्हणत्यात. लेकरं लावली, लेकरं सुकली. मी तसंच लिहिलं. 'लेकरू पिवळं पडलंय? वाढ खुंटली? एक टोपण पाण्यातून द्या आन फरक बघा.' मॅडम म्हणल्या यात ओलावा आहे. तेच चिठ्ठीवर छापलं. टमाट्याच्या रोपाचं चित्र मागच्या बाजूला.

आन वाणाची आयडिया पण माझीच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला लहान बाटल्या वाण म्हणून वाटल्या, चिठ्ठी बांधून. मॅडमनी सगळ्या पोरापोरींना मेल केला, नाशिकच्या मंदाताईंकडून शिका.

पण वाण म्हणजे डबा, चाळणी, साबणाची वडी. घरात लागंल ते. शेतात ओतायचं वाण कोण देतं. तेव्हा डोक्यात आलंच नाय.

२८ जाने., शुक्र.

सकाळी मावशीकडं गेले. ती ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होती.

मी म्हणलं, "मावशी, ते झाडाचं औषध हाय."

"झाडाचंच बरं असतं गं. आडुळसा झाडाचाच की. डॉक्टरच्या गोळ्यांनी आग पडती पोटात."

"तसं नाय. झाडाला द्यायचं हाय ते. रोपाला."

जुडी बांधता बांधता थांबली. माझ्याकडं बघितलं. "मंग वाणात का दिलं?"

मी म्हणलं, चिठ्ठीत लिहिलं होतं की.

"चिठ्ठी शेजारच्या पोरीनं वाचून दाखवली मला. लेकरू लिहिलंय त्याच्यात. लेकरू का रोप?"

"लेकरू म्हणजे रोपच मावशी."

"माझं लेकरू रोप हाय व्हय," म्हणली आन हसली. मंग आवाज बारीक करून, "बाटली परत पायजे का तुला? दुसऱ्या कोणाला द्यायची आसंल तर तसं सांग. उगा लेकराच्या तोंडातलं काढू नको."

मी म्हणलं बाटली दे फक्त. तर म्हणली, सविता घेऊन गेली. सविता तिची सून. काल सकाळीच ओमला घेऊन माहेरी गेली, घोटीला. दोन्ही बाटल्या तिच्याजवळ.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या शांतपणे म्हणल्या, "मी पण दिलं की पायलला. दोनदा. चमच्यानं. काय झालं तिला?"

हातातलं ताट ठेवून पायलकडं पळाले.

२८, संध्या.

पायलला सारखी बघतीय. जीभ बघितली. पोट दाबून बघितलं, तिला गुदगुल्या झाल्या. भाकरी खाल्ली, दूध प्याली. शी नेहमीसारखी. काहीच नाय.

मंग काहीच होत नसंल का? का उशिरानं होतं?

२९, शनि.

पीसीओवरून मॅडमला लावला. सगळं सांगितलं.

"अहो मंदाताई, घाबरताय काय. ऑरगॅनिक आहे ते."

"ऑरगॅनिक म्हणजे पोटात चालतं का?"

"तसं... माझं सायन्सचं नाहीये हो. मी मार्केटिंग बघते. लॅबच्या सरांना विचारून सांगते."

"कधी?"

"ते टूरवर आहेत. सोमवारी. आणि मंदाताई, तोपर्यंत कुणाशी बोलू नका. उगाच गैरसमज होतात."

मी आतापर्यंत समजत होते मॅडमला सगळं माहीत हाय. त्या मला सांगत होत्या, मी बायकांना सांगत होते. आता त्या म्हणत्यात सायन्सचं नाय. मंग सायन्स कोणाला माहीत होतं?

येताना ज्यांना ज्यांना बाटली दिली होती त्यांच्याकडं जाऊन आले. मॅडम म्हणल्या बोलू नका, तरी. पुष्पीनं जास्वंदीला घातलं. कमळताईंनी केसाला लावलं, "वास घाण हाय पण केस मऊ झाले." शेवटच्या घरची म्हातारी म्हणली मुतखड्याला घेतीय, दोन दिवस झाले, बरं वाटतंय. तिच्या हातातून घेतलीच बाटली. तिनं मला रांडेची म्हणलं. म्हणू दे.

वाटल्या तेवढ्या परत आल्या. घोटीच्या सोडून.

३०, रवि. केंद्र.

सरांना विचारलं. सर म्हणले मी फक्त नावं पाठवली होती, कंपनीचं मला नक्की माहीत नाही. ते पण खरं असंल.

वैशालीला बाटली दाखवली. बाटलीवर बारीक इंग्लिश. मी कधी वाचलंच नाय, मला येत पण नाय. तिनं उजेडात धरून वाचलं. फक्त शेतीसाठी. खाण्यापिण्यासाठी नाही. लहान मुलांपासून लांब ठेवा. पोटात गेल्यास डॉक्टरांना दाखवा.

ती म्हणली, "अगं पण हे सगळ्यावरच लिहितात. शाम्पूवर पण असतं."

"मंग खरं का नुसतं लिहायचं म्हणून?"

"काय माहीत. शेवाळाची भीती वाटत नाही मला. टिकायला काय घातलंय ते लिहिलेलं नाही." मंग म्हणली, "मला पण काही कळत नाहीये मंदा. माझ्याकडं गांडूळखत आलंय, ते बरं."

पायल बरोबर होती, येताना तिला डॉक्टरकडं नेलं. त्यांनी तपासलं, चांगली हाय म्हणले, वजन वाढवा. बाटली बघितली आन म्हणले, "यात नेमकं काय आहे ते कंपनीच सांगेल. ज्या मुलाला रोज दिलंय त्याला आधी आणा."

पायल चांगली हाय. तिला दोनदाच दिलंय. ओमला हळदीकुंकवापासून रोज.

३१, सोम.

मॅडमचा फोन लागत नाय. वाजतो, कोणी घेत नाय.

दुपारी मावशी बांधावरूनच ओरडून सांगून गेली. घोटीहून निरोप हाय, ओमला हगवण लागली, काय पोटात ठरत नाय. "दात येत असतील. अशक्त झालं आसंल, टॉनिक बंद करू नको म्हणलं मी सविताला."

तिच्या मागं पळत गेले. म्हणलं मावशी पाया पडते, बंद करायला सांगा. तर माझ्यावरच, "तुझ्या पोरीला चालतं, माझ्या नातवाला नाय व्हय? तुझी सासू सांगून गेली मला."

नंबर मात्र दिला. सविताच्या घराजवळच्या किराणा दुकानाचा. पीसीओवर गेले. खरखर खरखर. मी ओरडून, "सविताला सांगा, ओमला टॉनिक देऊ नका."

तो म्हणला, "टॉनिक देऊ का? बरं, सांगतो, द्या म्हणून."

"नका. नका."

तवर कट. परत लावला तर एंगेज. परत लावला तर वाजतच राहिला. पीसीओवाला म्हणला दुपारचं दुकान बंद करत्यात.

मी द्या सांगितलं का नका सांगितलं? मी नकाच म्हणले. त्याला काय ऐकू गेलं.

३१, जेवणं झाल्यावर

ह्यांना सगळं सांगितलं. आतापर्यंत अर्धंच सांगितलं होतं. झेंडूचे क्रेट रचत होते, ऐकून खाली बसले.

मी म्हणलं मला घोटीला सोडा.

"आन जाऊन काय सांगणार? की माझ्या बायकोनं दिलं?"

"व्हय."

"मंदे, त्याला दात येत असतील नुसते. तू गेलीस की मंग आपणच केलं असं ठरतं. मावशीचे दोन्ही पोरं कसे हायत माहीत हाय ना. आपल्या मळ्याची वाट त्यांच्या बांधावरून हाय. उद्या बंद केली तर फुलं काय डोक्यावरून नेऊ?"

ते वाईट नायत. घाबरलेत. मी पण घाबरलेय, पण माझी भीती दुसरीकडं तोंड करून हाय.

सासूबाई आतून, "शिकून काय दिवे लावले बघा." परवा ह्याच कौतुक करत होत्या.

१ फेब्रु., मंगळ.

मॅडमचाच फोन आला, शेजारी. मला वाटलं लॅबचं कळलं. तर म्हणल्या, "मंदाताई, आपल्याला ग्राहकांचा अनुभव हवाय. वाण घेतलेल्या एखाद्या बाईचा, फोटोसकट. आणि तुमची वही पण पाठवा, त्यातलं चांगलं चांगलं निवडू."

मी म्हणलं, पोराला हगवण लागली.

मॅडम म्हणल्या, "हे बघा, पत्रक तुमच्या शब्दातलं आहे ना? वाण पण तुम्हीच सुचवलं. आपण हे शांतपणे घेऊ. लॅबचे सर आले की बोलते."

शब्द माझेच हायत. ते मी कधी नाय म्हणलं. पण टॉनिकमध्ये काय हाय ते माझं नाय, ते तर सांगा.

घोटीचं दुकान परत लावलं. पोरगी बोलली, पप्पा बाजारात गेले. सविताकडं पळत जाशील का म्हणलं, बाटली देऊ नको एवढंच सांग. म्हणली आजी ओरडती, दुकान सोडायचं नाय.

मनमाडला दादाला लावला. माझा भाऊ, रेल्वेत हाय. ड्युटीवर गेला म्हणले, उद्या दुपारी येईल. निरोप काय द्यायचा विचारलं तर परत लावते म्हणून ठेवला. कुठून सुरू करू.

पायलला जरा ताप वाटला. का माझेच हात गरम. सासूबाई म्हणल्या तुझेच.

२ फेब्रु., बुध. सकाळ

हे मार्केटला गेलेत. सासूबाई देवळात. मावशी मघाशी कुंपणापाशी आली, मला नाय, हवेला सांगितल्यासारखं बोलली. ओम डोळे उघडत नाय नीट. दवाखान्यात नेतो म्हणत्यात, नेलं का नाय माहीत नाय. टॉनिकचं विचारलं तर तोंड फिरवून गेली. ह्या टायमाला तिनं दातांचं नाव काढलं नाय.

तिथल्या डॉक्टरला कोण सांगणार पोराच्या पोटात काय गेलंय. दात म्हणून सांगतील. हगवण म्हणून सांगतील. कोणाला माहीतच नाय. मला माहीत हाय, आन बाटली माझ्या पिशवीत हाय, वैशालीनं तिच्यावर मराठीत लिहून दिलंय.

घोटीची गाडी पकडते. पायलला बरोबर घेते, तिला पण तिथं दाखवीन. ह्यांना सांगितलं तर जाऊ देणार नायत, सांगितलं नाय तर रस्त्यात गाठतील, भाऊबंद सोबत घेऊन. काय होईल मला कळत नाय. मारतील का मावशीचे पोरं. का सविता मारंल. मी तिच्या जागी असते तर मारलं असतं.

जाऊ नये असं पण वाटतंय. आत्ता लिहिताना पण.

वही चुलीशेजारच्या फळीवर ठेवते, उघडी. जो कोण वाचंल त्यानं मनमाडला माझ्या दादाला फोन करा. नंबर दाराच्या मागं खडूनं लिहिलाय. त्याला म्हणा इकडं येऊ नको, सरळ घोटी, तांदळाच्या गिरणीमागं सविताचं माहेर. मला कोणी वाटेतून माघारी आणलं असंल तर भांडत बसू नको म्हणावं. आधी सविताला जाऊन सांग, ते रोपांचं हाय, पोराला देऊ नको, डॉक्टरला तसं सांग. मला मंग शोध. फोन मात्र आत्ताच करा.