टेकडी सरकत नाही

३ जून
उपग्रहाचा आराखडा अंतिम टप्प्यात. आमचं रडार ढगांतून बघणार, अंधारात बघणार, डोंगर बोटभर सरकला तरी सांगणार. मी त्याला मनातल्या मनात ‘सहस्राक्ष’ म्हणतो. ऑफिसात फाइल नंबरने ओळखतात. असो.
बायकोचं म्हणणं, आईंच्या खोलीचं दार घासतंय, मागची टेकडी खाली सरकतेय. नुसत्या डोळ्यांनी बघून अशी विधानं करू नयेत, हे तिला शांतपणे समजावलं.
संकल्प: उद्या दाराला रंधा मारून घेणे.

९ जून
रंधा राहिला. दिवसभर मीटिंग. रडार तिरकं बघतं, तेव्हा कुठल्या बाजूने बघायचं यावर वाद. मी पूर्वेवर ठाम. भूगर्भवाल्या बाईंनी नेहमीप्रमाणे खोडा घातला: डोंगरांच्या पलीकडच्या उतारावर सावली पडेल, तिथलं काहीच दिसणार नाही. मी विचारलं, “अशा ठिकाणी राहतं कोण?” सगळे हसले. पूर्व मंजूर.

१४ जून
पाऊस थांबत नाही. झोप उडाली आहे, अर्थात समीक्षा समितीमुळे. आईच्या भिंतीला तडा. आई म्हणाली, “मला ताईकडे पोचव बाबा.” म्हटलं, जरा दम धर. समितीपुढे नमुना म्हणून आपलीच टेकडी मांडतो. शास्त्रशुद्ध उत्तर मिळेल. दुसऱ्या एका उपग्रहाचा, पूर्वेकडूनच घेतलेला डेटा मागवला.

१९ जून
दार आता लागतच नाही. हवा खेळती राहते.
डेटा आला. टेकडीच्या पश्चिमेला, म्हणजे आमच्या बाजूला, स्वच्छ काळा पट्टा. हालचालीची एकही खूण नाही. बायकोला नकाशा दाखवला. तिने तो बघितला, मग मला बघितलं, आणि आईच्या साड्या बॅगेत भरायला घेतल्या. ताई गाडी घेऊन आली, तिघी गेल्या. मी राहिलो. घरात शास्त्रावर श्रद्धा असलेलं कुणीतरी हवंच.

२१ जून
सकाळी दाढी करताना टेकडी आईच्या खोलीत आली. आवाज फार नाही झाला. अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर पडलो.

२२ जून, ताईकडे
समिती पार पडली. चपला भाच्याच्या होत्या. बाईंनी माझाच नकाशा पडद्यावर लावला, काळ्या पट्ट्यावर काठी ठेवली आणि म्हणाल्या, ही सावली, इथलं आपल्याला कधीच काही कळणार नाही. मग माझ्याकडे न बघता विचारलं, “अशा ठिकाणी राहतं कोण?”
कुणी हसलं नाही.
मी हात वर केला.