चीनमधले चोवीस गडी

पूनम सागर, मीरा रोड
११ जून २००६

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. माझं इजिप्त पडलं ते नोंदवून घेतलं. तीन वर्षं झाली आपल्या टपालातल्या रिस्कला, नकाशाच्या पटावर फाशांनी जग जिंकायच्या या खेळाला. फोन फक्त आजारपणाला आणि लग्नकार्याला, युद्ध मात्र पत्रातूनच, हा नियम तूच केलास. ज्याची पाळी त्यानं दोन्ही बाजूंचे फासे टाकायचे आणि जे पडेल ते खरं लिहायचं, हाही तुझाच. परवा तळमजल्यावरच्या संगोईभाईंना हे सांगितलं तर ते म्हणाले की सामनेवाला झूठ लिखेगा तो क्या करोगे. मी म्हटलं, सामने मेरी बहन है.

आता बातमी. नवी सूनबाई इशिता कपाट लावत होती, तिला नानामामांनी बोटीवरून आणलेला आपला डबा सापडला. तुला ठाऊकच आहे, मी तो जपून ठेवतो आणि आपला डाव थर्मोकोलवर टाचण्या टोचून मांडतो. इशितानं नेटवर शोधाशोध केली. डबा एकोणीसशे एकोणसाठचा, अमेरिकेतला पहिल्या आवृत्तीचा निघाला! नंतरच्या डब्यांत सोंगट्या प्लास्टिकच्या आल्या. आपल्यासारख्या लाकडी घनांसाठी लोक वर्षानुवर्षं शोधत असतात म्हणे. इथे जवळच हाटकेशला एकाचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं युनिट आहे, त्याच्याकडून तिनं झाकणाचा फाटका कोपरा असा बेमालूम जोडून आणला की बघत राहावं.

दर रविवारी आता जेवणाच्या टेबलावर पट मांडतोय. ती काळा रंग घेते. दोनदा हरवलंय मला. नीरज बायकोकडे कौतुकानं बघत बसतो, आणि तुझी वहिनी आम्हा दोघांना वेड्यात काढते.

गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहेच, ती फाशांच्या हवाली केलेली नाही.

तुझा,
दादा


राजापूर
२२ जून २००६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सूनबाई हुशार आहे हे लग्नातच कळलं होतं, चार माणसांत मोठ्यानं हसली तेव्हाच. डब्याचा कोपरा जोडला हे फार बरं केलं. तो कोपरा कसा फाटला हे मात्र तिला सांगितलं नसशील. तू मादागास्कर हरलास आणि डबा भिंतीवर आपटलास, तेव्हाचा आहे तो.

काळा रंग ती घेते. घेऊ दे. मी घेत होते म्हणून काही तो माझ्या नावावर झालेला नाही.

इथे ह्यांची खोकल्याची तक्रार चालूच आहे. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा वेळ उरतो, पण टेबलावर युद्ध मांडायची सोय या घरात कधीच नव्हती. माझा नकाशा कॅलेंडरच्या पाठीवर काढलेला आणि सैन्य म्हणजे चिंचोके नि गुंजा, हे तू जाणतोसच. सासूबाई होत्या तोवर मी तो तांदळाच्या डब्यामागे गुंडाळून ठेवत असे. सून फासे खेळते असं बाहेर कळलं तर, याची त्यांना फार धास्ती. तुमच्याकडे सासूसासऱ्यांसमोर सून फासे टाकते आणि सासरा कौतुक लिहितो. काळ बदलला. आमच्या वेळेला न बदलता थोडा उशिरा बदलला, एवढंच.

माझी पाळी: पूर्व आफ्रिकेवर हल्ला, माझे तीन पडले, तुझे दोन. जमलं नाही.

रविवारी कोण जिंकलं ते कळवू नकोस. किंवा कळव.

आठवण ठेवावी, ही विनंती.

तुझी,
मनू


मीरा रोड
९ जुलै २००६

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

नको म्हणालीस तरी सांगतो, कारण पोटात मावत नाहीये. मागच्या रविवारी वरसाव्याला, पुलाच्या अलीकडच्या एका हॉटेलात, अशा खेळांचं वेड असलेल्यांचा मेळावा होता. इशितानं मला नेलं. ठाण्याहून, पार पुण्याहून पोरं आलेली. आपला डबा उघडल्यावर सगळे भोवती जमले. एकानं तर तिकोनी लाकडी सोंगटी, दहा गड्यांची, हातात घ्यायच्या आधी रुमालाला हात पुसले. मी सांगितलं, आमच्या घराण्याचा डबा आहे. डाव इशितानं जिंकला. फोटो काढले. डब्यासोबत आम्ही दोघं!

मनू, मी साठी ओलांडली. नीरजला यात गोडी नाही. डबा इशिताच्या नावे करून टाकावा असं मी ठरवलंय. तिच्या हातात तो नीट राहील. तुला आवडेल याची खात्री आहे.

माझी पाळी: हल्ला नाही. सगळी कुमक चीनमध्ये. तिथे आता चोवीस गडी उभे आहेत. इशिता म्हणते, आत्यांना हे फुटणार नाही.

पत्राची वाट बघतोय.

तुझा,
दादा


राजापूर
१९ जुलै २००६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

डब्याचं वाचलं. ज्याचं त्यानं ठरवावं.

माझी पाळी: अफगाणिस्तानातून चीनवर. बारा फेका केल्या. प्रत्येक फेकीत तुझे दोन पडले, माझा एकही नाही. चोवीसच्या चोवीस गेले. चीन माझा.

सूनबाईला कळव.

मनू


मीरा रोड
६ ऑगस्ट २००६

ती. सौ. आत्यांना,
शि. सा. न. वि. वि.

मला असं पत्र लिहायची सवय नाही, वरचं सगळं आईंना विचारून लिहिलंय. चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांना तुमचं पत्र आल्यापासून ते सगळ्या बिल्डिंगला चीन कसा गेला ते सांगतायत. संगोईअंकलना दोनदा ऐकवून झालं. माझी बहीण आहे ती, म्हणतात, तिला लहानपणापासून असेच फासे पडतात.

आत्या, मी विमा कंपनीत काम करते, दिवसभर कशाची किती शक्यता हेच मोजत असते. सवयीनं मोजलं. असं साधारण दीड लाखात एकदा होतं. मी हे बाबांना सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते एकदाच घडणार असेल तर तुमच्या हातून घडलं असेल.

मला तुम्हाला दुसरंच सांगायचंय. मी आल्यापासून दर रविवारी त्यांच्याशी खेळते. मी चांगली चाल केली की ते म्हणतात, मनूनं इथून केली नसती. वाईट केली की म्हणतात, मनू असती तर हसली असती. पोस्टमन आला की हातातले फासे ठेवून खाली जातात. माझे वडील मी सातवीत असताना गेले. मला वाटलं होतं या घरात एक तरी गोष्ट फक्त माझी नि बाबांची होईल. काळा रंग मी मुद्दाम घेतला. तुमचा आहे हे मला माहीत होतं. मला तुमचा फार राग येतो, आत्या. तुम्ही इतक्या लांब असून टेबलावर आधीच बसलेल्या असता.

हे लिहिलं म्हणून रागवू नका. रागावलात तर ते तरी कळवा.

तुमची,
इशिता


राजापूर
१५ ऑगस्ट २००६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

चीन मी जिंकलेला नाही. फासे मी टाकलेच नाहीत. डबीत होते, तिथेच राहिले. पत्र लिहायला बसले आणि बारा वेळा दोन-दोन लिहून मोकळी झाले. तीन वर्षांत पहिल्यांदा. माझी चोरी पकडणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच सांगतेय.

का केलं तेही लिहिते. तो डबा घराण्याचा नाही, दादा. माझा आहे. चौथीच्या स्कॉलरशिपला मी पहिली आले म्हणून नानामामांनी तो माझ्यासाठी आणला होता. झाकणाच्या आत त्यांनी माझं नाव घालायला घेतलं तेव्हा शाई संपली. लग्नात मी तो माझ्या ट्रंकेत भरला होता. सासरी येऊन ट्रंक उघडली तर नव्हता. तू पत्रात लिहिलंस की आईनं काढून घेतला, मुलीनं सासरी असलं काही नेऊ नये म्हणाली. मी आईशी त्यानंतर सरळ बोलले नाही. ती गेली तेव्हाही मनात तेच होतं.

छत्तीस वर्षं मी हे बोलले नाही. तुझ्याकडे राहिला म्हणजे निदान आपल्यात राहिला, असं म्हणायचे. पण चार महिन्यांच्या सुनेला तू तो देऊन टाकलास आणि मला आवडेल याची तुला खात्री होती! त्या मुलीवर मी जळले. ती मोठ्यानं हसते यावर, टेबलावर बसते यावर, वरसाव्याला गेली यावर. ती वाईट असती तर सोपं झालं असतं.

चीनमध्ये तुझे चोवीस परत उभे कर. डाव चालू ठेवायचा की नाही ते तू ठरव.

मनू


मीरा रोड
२४ सप्टेंबर २००६

चि. सौ. मनूस,
अनेक आशीर्वाद.

सव्वा महिना लावला. तीन पत्रं लिहून फाडली.

आईनं डबा काढला नव्हता. मी काढला. तुझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, सगळे हळदीच्या गडबडीत असताना. साड्यांच्या खाली होता. आईला सांगितलं की मनूच ठेवून जातेय. तुला लिहिलं की आईनं ठेवून घेतला. दोघींना दोन खोट्या गोष्टी सांगितल्या आणि तुम्ही एकमेकींना कधी विचारलं नाहीत.

तू पहिली आलीस त्या वर्षी मी आठवीत नापास झालो होतो. मामा बोटीवरून आले, तुला डबा दिला आणि मला पाठीवर थाप. मोठा भाऊ असून मी तुझ्या हाताखाली खेळायला शिकलो. दहा वर्षं हरलो. तू जाताना तोही जाणार, हे मला सोसलं नाही. जळण्याचं तू लिहितेस, मनू. ते घरात आणलं मी.

आई तुझी वाट बघत असायची, तेव्हा तरी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

इशिताला सगळं सांगितलं. तिनं सोंगट्या रंगाप्रमाणे मोजून पिशव्यांत भरल्या आणि ऑफिसात तीन दिवसांची रजा टाकली. डबा घेऊन ती एकटीच येतेय. मला ये म्हणाली नाही.

काय मागू तुझ्याकडे? लिही, एवढंच.

दशरथ


राजापूर
८ ऑक्टोबर २००६

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इशिता आली, तीन दिवस राहिली, काल गेली. डबा इथे आहे.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दोघी नुसत्याच डब्याकडे बघत बसलो. मग ह्यांनीच विचारलं की खेळणार आहात की पूजा करणार आहात. ओटीवर चटई टाकली. काळा रंग कुणी घ्यायचा यावर इतका वेळ गेला की शेवटी कुणीच घेतला नाही. मी हिरवा, तिनं गुलाबी.

पाच डाव झाले. चार ती जिंकली. फासे माझ्या डोळ्यांदेखत पडत होते, तक्रारीला जागा नाही. ती माझ्यापेक्षा चांगली खेळते, दादा. तुझ्यापेक्षा तर कितीतरी. मला फार लागलं ते. रात्रभर चाली आठवत होते. सकाळी तिला तसं सांगितलं, तर ती चहा सांडेपर्यंत हसली आणि म्हणाली की तिलाही तो एक हरलेला डाव आठवत होता. जळणं असं समोरासमोर झालं तर माणूस त्यातून जेवायला उठू शकतं, हे मला आजवर माहीत नव्हतं.

तुझं पत्र मी आईच्या फोटोसमोर वाचलं. मोठ्यानं. तिची माफी मागायची माझी वेळ गेली, ती तू घालवलीस. हे मी विसरणार नाही, आणि विसरले असं तुला बरं वाटावं म्हणून लिहिणारही नाही. टपालात आता माझा कशावरच भरवसा राहिलेला नाही, स्वतःच्या अक्षरावरसुद्धा. आपला डाव मी मोडला. कॅलेंडर चुलीत घातलं.

दिवाळीच्या सुट्या लागायच्या आधी एसटीला गर्दी नसते. वहिनीला घेऊन ये, चार दिवसांच्या बोलीनं. शेजारी पाहुणे म्हणून सांगेन, भांडण घरात करू. जेवायला माशांचं काय करू ते कळव. माफीचं काय करायचं ते तू समोर बसल्यावर बघू.

मनू