फाटक, फुटाला पाव इंच

चिंचवड, ता. २ ऑगस्ट १९५६

ती. रुक्मिणीअक्काच्या पायी हिंदुरावचा शि. सा. न. वि. वि.

दाजी सप्टेंबरअखेर नोकरीतून मोकळे होणार, फाटकावरची रेल्वेची खोली सोडावी लागणार, आणि तरी चिंचवडचं नाव काढलं की न्हाई म्हणतात, हे तुझ्या पत्रातून कळलं. लोणंदला स्टेशनाशेजारी खोली बघतायत म्हणे. तिथल्या आडाचं पाणी तुझ्या गुडघ्यांनी शेंदायचं कसं, हे मात्र बोलत नाहीत. आईबापामागं तुम्ही दोघांनी मला त्या फाटकावर वाढवलं. आता माझी दोन लेथची शेड आहे, मागं दोन खोल्या बांधल्यात. त्यात काय भुसा भरून ठेवू?

म्हणून एक डाव टाकतोय. शेडमधल्या टेबलावर आपलं फाटक बांधायला घेतलंय, फुटाला पाव इंच या मापानं. काडेपेटीच्या काड्यांचे स्लीपर, चावीवर धावणारं इंजिन. अंतराचं कोडंही सुटलं. लहानपणी अंथरुणात पडून मी रुळांच्या सांध्यांची खडखड मोजायचो. फाटकापासून ओढ्याच्या पुलापर्यंत एकवीस, मग आवाज पोकळ व्हायचा. एका रुळाची लांबी ठरलेली, तेवढ्यावर सगळं माप बसवलं.

लिंबाचं झाड मी मुद्दाम उलट्या बाजूला लावणार आहे. चूक दिसली की दाजींना घास गिळवत नाही, धावत येतील. हे वाचून चुलीत घाल.

तुझा लाडका, कामापुरता शहाणा,
हिंदुराव

फाटक, लोणंदजवळ, ता. १४ ऑगस्ट १९५६

चि. हिंदुरावास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

पत्र चुलीत घातलं. तुझ्या दाजींना सहज विचारलं, तर म्हणाले, जिथं गाडीचा माणूस गाडीवाचून बसतो तिथं त्याला गंज चढतो. दिवसाला चार वेळा न्हाई म्हणतात. मला इथं करमत नाही असं नव्हे रे, पण रात्री पाय दुखले तर हाक कुणाला मारू?

तुझ्या टेबलावरच्या फाटकात रांजण दाराच्या डावीकडं ठेव. आणि माझी शेळी विसरशील तर याद राख.

तुझी अक्का

चिंचवड, ता. ९ सप्टेंबर १९५६

ती. सोपानराव दाजींस हिंदुरावचा सा. न. वि. वि.

सोबत फोटो पाठवतोय. गंमत म्हणून एक खेळणं केलंय, आपल्या फाटकाचं. रुळांना करवतीनं खाचा पाडल्यात, त्यामुळं गाडी टेबलावरही खडखडते. फोटोग्राफर मालोजी मोठा हौशी. चित्र भरलेलं दिसावं म्हणून त्यानं आपल्या हातानं मांडामांड केली. तुम्हाला कामातून सवड नसणार, तेव्हा यायचा आग्रह नाही. नुसतं बरं आहे एवढं कळवा. अक्काला, आणि तिच्या शेळीलाही, नमस्कार.

आपल्या मायेवर वाढलेला,
हिंदुराव

फाटक, लोणंदजवळ, ता. १७ सप्टेंबर १९५६

चि. हिंदुरावास सोपानरावाचे आशीर्वाद.

फोटो पावला. सांधे बरोबर एकवीस, कान तुझा पहिल्यापासून तिखट हाय. लिंब चुकीच्या बाजूला लावलास तो मुद्दाम, हे मी बघताक्षणी ओळखलं. ज्या लिंबाच्या निंबोळ्या खाऊन तुला ओकाऱ्या झाल्या, तो तू कसा विसरशील? तुझी अक्का पदर तोंडाला लावून हसत होती, म्हणजे ती पण सामील. असल्या थापांवर मी जागचा हललो नसतो.

पण लेका, इंजिन फाटकापाशी आलंय, गाडीला वाट देणारा सिग्नल पडलाय, आणि फाटक सताड उघडं! वर बैलगाडी ऐन रुळावर! मालोजीला सांग, भरलेलं चित्र एकदा मी डोळ्यांनी पाहिलंय, दुसऱ्याच्या फाटकावर. एकतीस वर्षांत माझ्या फाटकावर हे झालं नाही. तीन रात्री मला झोप नाही. असलं फाटक माणसाविना ठेवायचं नसतं.

तीस तारखेला इथला चार्ज देतो. एक तारखेला दोघं बिऱ्हाड घेऊन निघतो. लोणंदच्या खोलीला नको म्हणून कळवलं. चिंचवड स्टेशनावर हातगाडी आण, तुझ्या अक्काला चालवायचं नाही. मी येईस्तोवर इंजिनाला चावी देऊ नकोस.

लोभ पोस्टानं काय पाठवू, संगंच आणतो.

सोपानराव

ता. क. ती बैलगाडी आजच्या आज काढ. बैल पुढून धरून ने, मागून हाकलू नकोस. रुळावर बिथरतात.