चारात एक

४ मार्च
स्क्रीन बंद केली, कारण साहेब मागून आले. डोळे दुखताहेत म्हणून सांगितलं. नंतर खरंच दुखू लागले. म्हणजे खोटं बोललो नाही.

स्क्रीनवर होतं ते असं. जीनोमच्या गुणांवर पहिला आलेला आमच्या पैदास केंद्राचा वळू एका दोषाचा वाहक आहे. त्याला स्वतःला काही होत नाही. ताईची लाडकी कालवडही वाहक निघाली. दोघांचा आजा एकच. तिला गाभण केली ती याच वळूपासून, माझ्या शिफारशीवरून. दोष दोन्हीकडून उतरला तर वासरू पाय आखडलेलं निपजतं आणि विताना अडतं. डॉक्टर आधीपासून तयार असला तर गाय तरी वाचते.

शक्यता चारात एक. उरले पंचाहत्तर टक्के. परीक्षेत याला डिस्टिंक्शन म्हणतात.

भरवण्याआधी तिच्या शेपटीचे केस घेऊन जनुकं तपासायला हवी होती. पण ती लाथ मारते. तेव्हा सगळी चूक माझीच, असं म्हणता येणार नाही.

उद्या ताईला फोन.

५ मार्च
फोन केला. ताई म्हणाली, तुझ्यासारखा भाऊ आहे म्हणून मी निर्धास्त. अशा वाक्यानंतर वाईट बातमी देणं बरं दिसत नाही. हवापाणी विचारून ठेवला.

८ मार्च
असल्या गोष्टी समोरासमोर सांगायच्या असतात. रजा टाकली.

१० मार्च
ताईकडे. कालवड भरली आहे, आठवड्यात विणार. तिची आई तिला पाजेना, म्हणून ताईने तिला बाटलीने दूध पाजून वाढवली. हे मला माहीत होतं. ताईने जेवताना पुन्हा सांगितलं. भूक गेली.

गोठ्यातच झोपतो म्हणालो, तिथली हवा चांगली. गोठ्यातली? ताईने विचारलं. बायकोशी भांडून आलास, असा निष्कर्ष तिने काढला. मी नाही म्हणालो नाही. एवढ्यावर निभावत असेल तर काय हरकत आहे.

११ मार्च
डॉक्टरांना फोन करून तयार राहायला सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. सहज, म्हणालो. सहज मी कुठे येत नाही, म्हणाले.

कारण सांगितलं असतं तर ते ताईला कळलं असतं. उद्या आधी ताईला, मग डॉक्टरांना. क्रम महत्त्वाचा.

१३ मार्च
बायको आली. ताईने बोलावून घेतली. दोघींनी मला स्वयंपाकघरात बसवलं, दार लावून घेतलं. बायको म्हणाली, झोपेत माफी मागतोस, ताट तसंच टाकून उठतोस.

"एकदाचं सांगून टाक. बाई आहे की नोकरी गेली?"

"गाय," मी म्हणालो.

ताई हसता हसता खालीच बसली. बायकोलाही हसू आवरेना. म्हणजे मी सांगितलं आहे. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

१५ मार्च
आजही जमलं नाही. पाहुणे होते. पाहुणा एकच होता, पण बोलका.

१६ मार्च
दुपारी कळा सुरू झाल्या. ताईने मला हाक मारली. मी पाणी आणायला गेलो आणि पाण्यापाशीच थांबलो. नळ उघडा ठेवला, गोठ्यातला आवाज ऐकू येऊ नये म्हणून. बादली भरून वाहिली.

वासरू सरळ आलं. चारही पाय सरळ. दोनदा पडून उभं राहिलं. ताई रडली. शेजाऱ्यांना सांगत सुटली, हे सगळं माझ्या भावाचं शास्त्र. मी विनयाने म्हणालो, शास्त्र कसलं, नुसते आकडे आहेत.

संध्याकाळी सांगणारच होतो. पण आता सांगण्यासारखं उरलंय काय? उगाच एका सुखी बाईला घाबरवायचं. माझा अंदाज बरोबर ठरला, हेही नोंदवून ठेवतो. संकल्प: यापुढे तपासल्याशिवाय एकही गाय भरवू द्यायची नाही. अपवाद नाही.

दोन वेळा जेवलो.

१७ मार्च, सकाळ
कालवडीची धाकटी सख्खी बहीण माजावर आली. तिचे केस कधी तपासलेले नाहीत. ताईने रेतनवाल्याला बोलावलं आणि त्याच वळूच्या वीर्याची कांडी मागितली. त्याने मला विचारलं, "चालेल ना, साहेब?"

मी तिचं शेपूट बाजूला धरलं.