ब्रिटाच्या लग्नासाठी लेक ट्राउट

शनिवार, १० ऑगस्ट
पुढच्या शनिवारी ब्रिटाचं लग्न. जेवण आमच्या रीतीनेच: अंगणात चूल, मोठा हंडा, त्यात बटाटे, कांदे आणि मासे उकडायचे. मासे मी आणणार, असं सगळ्यांना सांगून टाकलंय. दुकानातले नाहीत. मिशिगन लेकमधून स्वतः धरलेले लेक ट्राउट आणि सॅमन. मुलीच्या बापाने नाही तर कोणी आणायचे?
कॅरल म्हणाली, दुकानात सांगून ठेवते. घटस्फोट होऊन इतकी वर्षं झाली तरी हिचा संशयी स्वभाव तसाच. नको म्हणून ठणकावलं.

रविवार, ११ ऑगस्ट
व्हर्न आला होता. कॅरलचा सध्याचा नवरा. 'सध्याचा' हे फक्त मीच म्हणतो. त्याच्या बोटीवर विजेवर चालणारे चार डाऊनरिगर आहेत. तारेला शिशाचा जड गोळा, तो गळाला पाहिजे तेवढं खोल घेऊन जातो.
म्हणाला, "रोल्फ, यातले दोन काढून तुझ्या बोटीला लावून देतो. ट्राउट सध्या पार तळाशी आहेत."
हसून नको म्हटलं. त्याच्या यंत्रावर धरलेला मासा माझा कसा होईल?

सोमवार, १२ ऑगस्ट
खरेदी झाली. बजेटच्या आत! शिशाची दोरी घेतली. पोटात शिशाची तार, त्यामुळे आपोआप बुडते. दर दहा यार्डांवर रंग बदलतो. बोट चालू ठेवायची, दोरी सोडत जायची आणि रंग मोजायचे, की खोली कळते. डाऊनरिगरवर पैसे घालवणारे लोक बिनडोक.
दुकानदाराने विचारलं, रंग नीट ओळखता येतात ना? लाल आणि हिरवा मला थोडे सारखे दिसले, पण तो तिथल्या ट्यूबलाइटचा दोष.
पत्र्याची चकाकती आमिषं सेकंडहँड मिळाली. थोडी गंजलीत. म्हणजे अनुभवी आहेत.

बुधवार, १४ ऑगस्ट
ट्रायल. सुकाणूवर शेजारचा एल्डन. मी सहा रंग सोडले. एल्डन म्हणतो नऊ सुटले. बराच वेळ वाद. दोरी ओढली तर गळाला तळाचे शिंपले. मासा नाही.
पण गळ तळापर्यंत पोचतो हे सिद्ध झालं. व्हर्नला त्यासाठी वीज लागते.

गुरुवार, १५ ऑगस्ट
एक ट्राउट. लहान. एल्डन म्हणाला सोडून देऊ, मी ठेवून घेतला.
कॅरलचा फोन: साठ माणसं जेवायला आहेत, दुकानात सांगायचं तर आजच. मी म्हटलं, तू हंडा मोठा आण. फोन ठेवल्यावर बर्फातला ट्राउट पुन्हा मोजला. एकच.

शुक्रवार, १६ ऑगस्ट, दुपार
सहा वाजता चर्चमध्ये लग्नाची तालीम: बापाने मुलीचा हात धरून वेदीपर्यंत कसं चालायचं, ते. भरपूर वेळ आहे. अजून काही लागलेलं नाही, पण सॅमन संध्याकाळीच तोंड उघडतो.

तीच तारीख, बोटीवरच
ब्रिटाचा फोन वाजतोय. दोरी पाण्यात असताना फोन घ्यायचा नसतो. एल्डन म्हणतो, "अरे, पोरीचं लग्न आहे, वळव आता." अर्धा तास आणखी.

तीच तारीख, घरी
वळताना दोरी बोटीच्या पंख्यात गुंतली. सुरीने कापत बसलो. किनाऱ्याला लागून चर्चपाशी पोचलो तेव्हा दाराला कुलूप. तालमीत माझ्या जागी व्हर्न चालला म्हणे. आणि तो आठवडाभर मासे धरून बर्फात ठेवत होता, हे कॅरलने आत्ता सांगितलं. कोणी त्याला सांगितलं होतं?
ठीक आहे. उद्या ब्रिटाचा हात माझ्याच हातात असणार. चालायला तालीम कशाला लागते?

शनिवार, १७ ऑगस्ट
छान चाललो. एकदाही अडखळलो नाही.
पुढे पोचल्यावर पाद्रीबाबांनी रीतीप्रमाणे विचारलं, या मुलीला कोण घेऊन आलंय?
मी खणखणीत आवाजात म्हणालो, "मी."
पहिल्या बाकावरून कॅरल आणि व्हर्न अर्धवट उठले होते, ते पुन्हा बसले.
ब्रिटा माझ्या कानाशी म्हणाली, "बाबा, तुम्ही तिघांनी मिळून 'आम्ही' म्हणायचं होतं. मीच तसं मागितलं होतं. काल तालमीत ठरलं."
जेवताना व्हर्नने माझ्या ताटात ट्राउटचा मोठा तुकडा वाढला. चव चांगली होती. माझे मासे कुठे, असं त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.