त्यांनी आडनाव विचारलं

स्लायगो, आयर्लंड, फेब्रुवारी २०२१, मंगळवार संध्याकाळ

मिळाली. पक्की नोकरी, बौद्ध अभ्यासाची व्याख्याती. इतकी वर्षं सहा-सहा महिन्यांच्या करारावर शिकवलं आणि शेवटी मुलाखत दिली ती इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, कारण माझा नवरा समीर हॉस्पिटलातून नाइट करून आत झोपला होता. टेबल डुगडुगत होतं, मी गुडघ्याने दाबून धरलेलं.

मुख्य प्राध्यापक बाईंनी विचारलं, पाली पहिल्यांदा कुठे ऐकलीत? विद्यापीठाचं नाव सांगायचं ठरवलं होतं. तोंडून आलं ते वस्तीतलं विहार, पांढऱ्या साडीतली आई, भोंग्यावरची वंदना. परिषदांमध्ये हे कधीच बोलले नाही. अभ्यासकाने अलिप्त दिसावं म्हणून? बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, हेच शिकवा ना.

निकाल कळल्याबरोबर बाबांना फोन लावला. नागपुरात जेवणं उरकली होती. सगळं ऐकून घेतलं, मग आवाज खाली करून विचारलं, "अन् आडनाव विचारलं का त्यांनी?" त्यांना आयुष्यभर सगळीकडे तेच आधी विचारलेलं.

"सगळ्यात आधी," मी म्हटलं. मग पुढचं सांगितलं.

"रामटेके कसं म्हणायचं, ते विचारलं बाबा. बाई आधी रॅमटेकी म्हणाल्या, मग पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. जमल्यावर म्हणाल्या, ग्रँड, म्हणजे इकडचं 'छान', आता सुरू करू."

बाबा इतके हसले की आई स्वयंपाकघरातून धावत आली. मग तिला सगळं त्यांनीच सांगितलं, अगदी रॅमटेकीसकट.