जेटीखालची साय

१ सप्टेंबर २००८
पोचले एकदाची बेटावर! ब्रिस्टलचं ऑफिस सुटलं, आता समोर नुसता समुद्र. माझं पद ऐकायला भारदस्त आहे: बाहेरून येऊन इथलं सगळं खाऊन टाकणाऱ्या जीवांविरुद्ध समुद्रखातं, निसर्गखातं आणि कौन्सिल यांचा मेळ घालायचा. आई फोनवर म्हणाली, तीन तिघाडा, काम बिघाडा. हरीश हा आमचा पाणबुड्या, जन्माने लंडनच्या हॅरोचा, मराठी मोडकंतोडकं. मला सुचेताताई म्हणतो, आणि ‘माझा आजी’ फार छान भजी करायचा म्हणे! त्याने आल्याआल्या चहा पाजला, मग जेटीच्या खांबांवरची पिवळट, लिबलिबीत साय दाखवली. ती खरवडायची नाही. तुटलेला प्रत्येक तुकडा नवा जीव होतो.

४ सप्टेंबर
कौन्सिलने परस्पर जेटी साफ करायचा हुकूम काढला. मी भांड भांड भांडले. समुद्रखातं म्हणालं, जेटी कौन्सिलची. हरीश म्हणाला, ऑर्डर इज ऑर्डर, ताई, जॉब आहे माझी. खरवडताना त्याचा हातमोजा फाटला, तळहात कापला.

९ सप्टेंबर
जखमेत पिवळं काहीतरी आहे. डॉक्टरांनी ते कापून काढलं. आज मनगटावर तेच, दोन ठिकाणी.

१२ सप्टेंबर
दिवसभर फोन. अंगावर तो जीव असताना त्याला बेटाबाहेर, मोठ्या हॉस्पिटलात हलवायला तिन्ही खात्यांची संमती लागते. समुद्रखातं म्हणतं, भरतीच्या रेषेच्या वरचं आमच्याकडे येत नाही. निसर्गखातं म्हणतं, माणूस आमच्या यादीत नाही. कौन्सिल म्हणतं, आधी त्या दोघांना विचारा. हरीशच्या कोपरापर्यंत आलंय. रडावंसं वाटतं, पण आधी राग येतो.

१५ सप्टेंबर
खांदा. दुखत नाही म्हणतो. इट्स वॉर्म, ताई, असं म्हणतो आणि हसतो. डॉक्टर कालच्या बोटीने गेले, आज त्यांचा फोन लागत नाही. मीच त्याच्याजवळ बसते.

१७ सप्टेंबर
तिन्ही खात्यांचं एकमत झालं! संयुक्त ईमेल आली — आनंदाने उघडली — बोट बंद. बेटावरून काहीही, कुणीही बाहेर न्यायचं नाही. हरीशचं नावसुद्धा नाही त्यात. माझंही नाही.
मला भीती वाटते. फार.

१८ —
मान. आता गालावर. बोट कधी, विचारतो. खरं सांगवेना. उद्या सकाळी, म्हटलं. खूश झाला. थँक्यू म्हणायला तोंड उघडलं आणि आत, जिभेच्या जागी —